मालाच्या गाडीतली माणसं

सोयाबीनची मळणी उरकते, कपाशीची बोंडं फुटतात, वावरात सीतादहीची पूजा होते आणि धामणगाव रेल्वे तालुक्यात सकाळची एक वेगळी वाहतूक सुरू होते. मंगरूळ दस्तगीर, तळेगाव दशासर, अंजनसिंगी, जळगाव आर्वी अशा गावांतून ट्रॅक्टर निघतात. मागच्या ट्रॉलीत वेचणीला निघालेल्या बाया दाटीनं उभ्या असतात. जेवणाचे डबे, पाण्याच्या कॅन, वेचणीची फडकी, कुणाच्या कडेवर लेकरू. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, मागच्या जोडणीवर पाय ठेवून एखादा पोरगा उभा. संध्याकाळी त्याच ट्रॉलीत कापूस असतो आणि कापसाच्या गाठोड्यांवर त्याच बाया.

वऱ्हाडात ट्रॅक्टर नांगरतो, पेरतो, फवारतो, बाजार समितीत माल नेतो. तो वऱ्हाडी मंडळींना लग्नाला नेतो, देवदर्शनाला नेतो, दुर्गादेवीच्या विसर्जनाला नेतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर दुसरं काहीच चालत नाही, तेव्हा अडलेल्या बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत पोचवणारं वाहनही तेच. काळ्या मातीत, नाल्यातून, धुऱ्यावरून जाणारं आमच्याकडचं सर्व भूभागांवर चालणारं वाहन म्हणजे ट्रॅक्टर.

पण कायद्याच्या लेखी ट्रॅक्टर हे ओढणारं यंत्र आहे आणि ट्रॉली ही माल वाहण्याची वस्तू. ट्रॅक्टरवर एक आसन असतं, चालकाचं. ट्रॉलीत एकही नसतं. रोज डोळ्यांसमोर माणसं नेणारी ही गाडी कागदोपत्री माणसं नेतच नाही. ती उलटते त्या दिवशी हा फरक उघडा पडतो, आणि त्याची किंमत त्या गाडीतली सगळ्यात गरीब माणसं मोजतात. हा लेख त्या किमतीबद्दल आहे आणि ती वसूल करण्याच्या कायदेशीर वाटांबद्दल.

आलेगावची विहीर

४ एप्रिल २०२५ ची सकाळ. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगाव शिवारात कामाला निघाल्या होत्या. शेतातल्या पाण्यानं भरलेल्या विहिरीत ट्रॅक्टर ट्रॉलीसकट गेला. सात जणींचा जीव गेला, तिघांना वाचवता आलं. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख जाहीर झाले.

त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री उत्तर प्रदेशात कानपूरजवळ, घाटमपूर भागात, देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ माणसं गेली. २ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दिवशी, आपल्या धारणीपलीकडच्या खंडवा जिल्ह्यात देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॉली तलावात कोसळली, ११ जण गेले. गाव वेगळं, निमित्त वेगळं. पण तिन्ही ठिकाणी माल वाहणाऱ्या ट्रॉलीत माणसं होती, बाजूला पाणी होतं आणि सुटायला वाट नव्हती.

एकाच वेळी अनेक जण दगावले की बातमी होते. धुऱ्यावर एकटा चालक ट्रॅक्टरखाली सापडतो, मडगार्डवरून पोरगा घसरून मोठ्या चाकाखाली येतो, थ्रेशरमध्ये बाईचा हात जातो, तेव्हा जिल्ह्याच्या पानावर चार ओळी येतात किंवा त्याही येत नाहीत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मृत्युमुखी पडली. ही मोजदाद रस्त्यांवरच्या अपघातांची. वावरात उलटलेला ट्रॅक्टर त्यात शोधून सापडायचा नाही.

धामणगाव तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग गेला आहे. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ प्रवासी गेले, तेव्हा त्या महामार्गाच्या वेगाची, टायरांची, चालकांच्या झोपेची राज्यभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. त्या महामार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे. ट्रॅक्टर त्याच्या पोटाखालच्या बोगद्यांतून वावरात जातो. वरच्या रस्त्याला कॅमेरे आहेत, गस्त आहे, रुग्णवाहिका आहेत. खालच्या पांदणीला यांतलं काहीच नाही, आणि तालुक्यातली कष्टकरी माणसं रोज जातात ती खालूनच.

ट्रॅक्टर उलटतो कसा

ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून सुरक्षित, हा समज जीवघेणा आहे. ट्रॅक्टरचं इंजिन उंचावर असतं, मागची चाकं मोठी, पुढची लहान. त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य मोटारीपेक्षा बराच वर असतो. धुऱ्यावर एक चाक चढलं, दुसरं नाल्याच्या काठावर दबलं की तो कुशीवर जातो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. नाल्याचा काठ वरून पक्का दिसतो आणि चाकाखाली ढासळतो.

मागे उलटणं याहून भयंकर. ट्रॉली चिखलात रुतलेली असते, चालक क्लच झटक्यात सोडतो. मागची चाकं फिरू शकत नाहीत, मग इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचा पुढचा भागच वर उचलते. ओढण्याची साखळी नेहमीच्या आकड्याऐवजी उंचावर बांधली असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. पुढची चाकं उचलली गेल्यापासून चालक ट्रॅक्टरखाली येईपर्यंत दीड-दोन सेकंद लागतात. उडी मारायचा विचार मनात येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

तिसरं कारण ब्रेकमध्ये आहे. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकासाठी ब्रेकची वेगवेगळी पायपट्टी असते, कारण वावरात तासाच्या शेवटी चटकन वळावं लागतं. रस्त्यावर येताना या दोन्ही पट्ट्या खटक्यानं एकमेकींना जोडायच्या असतात. ते राहून गेलं आणि वेगात असताना एकाच पट्टीवर पाय पडला की एका बाजूचं चाक थांबतं, दुसरं पळत राहतं. मागे बिनब्रेकची भरलेली ट्रॉली असेल, तर ती ट्रॅक्टरला ढकलत नेते.

चौथा धोका जागेवरच फिरतो. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा, थ्रेशर किंवा पंप चालवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक, ओढणी किंवा धोतराचा सोगा त्यात गेला, तर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. त्या दांड्यावर बसवायचं प्लास्टिकचं आवरण एका हंगामात तुटतं आणि नंतर कुणी बदलत नाही.

यातल्या बऱ्याच मरणांवर उपाय माहीत आहे आणि तो जुना आहे. स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट बसवणं सक्तीचं केलं. ट्रॅक्टर उलटला तरी चौकट चेपत नाही आणि पट्टा लावलेला चालक तिच्या आत राहतो. तिथं उलटणाऱ्या ट्रॅक्टरांखालचे मृत्यू पुढच्या काही दशकांत नगण्य झाले. अमेरिकेत ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या आणि मजूर चालवणार अशा ट्रॅक्टरांना ही चौकट लागू झाली. आपल्याकडे गावोगाव दिसतं ते उन्हापुरतं छत. ते डोक्यावर सावली देतं, वजन पेलत नाही.

किनाऱ्यावरची चार चाकं

आपल्याकडची कुटुंबं दिवाळीच्या सुट्टीत कोकणात किंवा गोव्याला जातात, तेव्हा त्यांना आणखी एक वाहन भेटतं: जाड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी बाइक, जिला तिथं सगळे एटीव्ही, म्हणजे सर्व भूभागांवर चालणारं वाहन, म्हणतात. रायगडच्या किनाऱ्यांवर ती भाड्यानं मिळते. उंच गुरुत्वमध्य, अरुंद अंतराची चाकं, चालकाभोवती कसलंही संरक्षण नाही. ट्रॅक्टरचेच दोष, फक्त वेग जास्त आणि चालवणारा बहुधा पहिल्यांदाच बसलेला.

जगानं या वाहनाकडून धडा घेतला तो माणसं गमावूनच. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हीच्या अपघातांत इतकी मुलं दगावली की सरकार न्यायालयात गेलं आणि १९८८ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार कंपन्यांना तीनचाकी गाड्यांची विक्री थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियात शेतकरीच या गाड्या जास्त वापरतात. तिथं ११ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या चारचाकी बाइकला चिरडण्यापासून वाचवणारी कमान सक्तीची झाली. काही मोठ्या कंपन्यांनी त्या बाजारातून निघून जाणं पसंत केलं. सरकारनं नियम सोडला नाही.

आपल्या किनाऱ्यावर अशी गाडी उलटली तर वाट वेगळी आहे. या गाड्या बहुतेक वेळा रस्त्यासाठी नोंदलेल्या नसतात, म्हणून मोटार विम्याचं छत्र नसतं. पण पैसे देऊन सेवा घेतलेला माणूस ग्राहक असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे अमरावतीच्या माणसाला अलिबागच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. गाडीच सदोष असेल तर याच कायद्यातलं उत्पादन-दायित्वाचं प्रकरण बनवणाऱ्यापर्यंत पोचतं. राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना नोंदणी लागू केली. नोंदणीचा कागद दाखवायला सांगणं हा आपला हक्क आहे. ‘काही झाल्यास जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही केली म्हणून आयोजकाचा निष्काळजीपणा आपोआप धुतला जात नाही.

विमा आहे, पण कुणाचा?

आता परत धामणगावला येऊ. ट्रॅक्टरलाही विमा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ ट्रॅक्टर आणि मोटारीत भेद करत नाही. विमा नसेल तर दंड दोन हजार रुपये. खरा दंड मात्र अपघातानंतर कळतो, कारण मग सगळी भरपाई मालकाच्या वावरातून निघते.

ट्रॅक्टरनं रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसाला धडक दिली तर प्रश्न सोपा असतो. दिवे किंवा परावर्तक पट्ट्या नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी होती आणि मोटारसायकलवाला मागून आदळला, तरी त्याच्या घरच्यांना विमा कंपनीविरुद्ध दावा करता येतो. त्याचीही थोडी चूक दिसली तर तेवढी रक्कम कमी होते, दावा मरत नाही. चालकाकडे परवाना नव्हता असं निघालं तरी सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेली वाट आहे: कंपनीनं आधी त्रयस्थाला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हेही घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्याआधी २००१ च्या नागशेट्टी निकालात ट्रॅक्टरचा परवाना ट्रॉली जोडली म्हणून निकामी होत नाही असं न्यायालयानं सांगितलं होतं. कंपनीची नकारघंटा ऐकून माघारी फिरू नये ते यासाठी.

प्रश्न अवघड होतो तो ट्रॉलीत बसलेल्यांचा. मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी प्रकरणात म्हटलं. कायद्यात नोव्हेंबर १९९४ पासून मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना स्थान मिळालं. म्हणजे स्वतःचा कापूस घेऊन बाजार समितीत निघालेला शेतकरी आपल्या मालासोबत असेल तर त्याला आधार आहे. त्याच कापसावर बसून घरी येणाऱ्या वेचणीवालीला तो आपोआप मिळत नाही. मडगार्डवर बसलेल्याच्या बाबतीत कंपनी म्हणते, या गाडीला आसन एकच होतं. ट्रॉलीचा वेगळा विमा काढलेला नसेल तर कंपनी तेही पुढे करते. आणि पॉलिसी ‘शेतीकामासाठी’ असताना ट्रॅक्टर विटा, रेती किंवा मुरूम वाहत असेल, तर आणखी एक आक्षेप तयार असतो.

२००७ चं ब्रिजमोहन प्रकरण या सगळ्याचा अर्क आहे. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरचा गरीब मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता. न्यायालयानं म्हटलं, कायद्यानं कंपनी जबाबदार नाही. पण मजुराची स्थिती पाहून घटनेच्या कलम १४२ खालचे आपले विशेष अधिकार वापरले आणि कंपनीला सांगितलं, आधी मजुराला द्या, नंतर मालकाकडून घ्या. मजुराला न्याय मिळाला, पण त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आपला अपवादात्मक अधिकार वापरावा लागला. प्रत्येक वेचणीवालीनं दिल्लीपर्यंत जायचं का?

तरीही ट्रॉलीतल्या माणसाला हात रिकामे ठेवून परतायचं कारण नाही. कंपनी सुटली तरी मालक आणि चालक सुटत नाहीत. शिवाय ट्रॅक्टरमालकानं मजुरीवर ठेवलेला माणूस हा त्याचा कामगार असतो. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत ट्रॅक्टरनं होणाऱ्या शेतीतली माणसं स्पष्ट नोंदवलेली होती; तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. या वाटेनं गेलं तर कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही, काम करताना अपघात झाला एवढं पुरतं. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार ट्रॅक्टर चालवताना स्वतःच दगावला तर त्याच्या बायकोसाठी ही वाट मोलाची आहे. मोटार अपघात दावा आणि ही भरपाई यांपैकी एकच निवडता येते, म्हणून निवडण्याआधी वकिलाकडून दोन्हींचा हिशेब मांडून घ्यावा.

मालक स्वतःच चालवत असताना गेला तर तो त्रयस्थ ठरत नाही. त्याच्यासाठी आहे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. अट एकच, परवाना चालू असला पाहिजे. विमा काढताना चार पैसे वाचवण्यासाठी हाच भाग वगळला गेला आहे का, हे पॉलिसी उघडून आजच पाहावं.

अपघात रस्त्यावर नाही, वावरात झाला म्हणून दावा होत नाही, असंही गावात सांगितलं जातं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा अधिकार मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातावर असतो, मग जागा कोणतीही असो. विम्यासाठी ‘सार्वजनिक जागा’ लागते हे खरं, पण लोकांचं जाणं-येणं असेल तर खासगी जागाही सार्वजनिक ठरू शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९८० च्या दशकातच सांगून ठेवलं आहे.

एका आयुष्याचा हिशेब

अपघातानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावातली वजनदार मंडळी मध्यस्थीला येतात. गावचंच प्रकरण आहे, मालकही आपलाच आहे, काही रक्कम घ्या आणि मिटवा. घरात चूल पेटवायची असते, माणूस गेलेला असतो, हो म्हटलं जातं. कायद्यानं किती मिळू शकलं असतं हे त्या घरात कुणी सांगितलेलंच नसतं.

समजा, चौतीस वर्षांची एक मजूर बाई गेली. तिची कमाई न्यायाधिकरणानं महिना दहा हजार धरली. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या व्यक्तीसाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, हे प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये ठरलं. झाले चौदा हजार. मागे चार अवलंबून असतील तर तिच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव भाग वजा, उरले साडेदहा हजार. वर्षाचे १,२६,०००. सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये ठरलेल्या तक्त्यानुसार ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. रक्कम होते २०,१६,०००. याशिवाय अंत्यविधी, मालमत्तेचं नुकसान आणि पती-मुलांच्या हिरावलेल्या सहवासाची वेगळी रक्कम, आणि त्यावर व्याज.

बाईला कमाईच नव्हती, ती घरीच होती, असा युक्तिवाद झाला तर जानेवारी २०२१ चा कीर्ती निकाल समोर ठेवावा. घरकाम हे काम आहे आणि त्याला पैशांत मोल आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात ठामपणे म्हटलं. जखमींसाठी २०१० चा राजकुमार निकाल महत्त्वाचा. डॉक्टर दाखल्यावर तीस टक्के अपंगत्व लिहितात, पण ज्याचा हात थ्रेशरमध्ये गेला तो कापूस वेचू शकत नाही, निंदण करू शकत नाही. मोजायचं असतं ते त्याच्या कामावर झालेला परिणाम.

कुणाची चूक हे सिद्ध करणं अशक्य असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख ठरलेले आहेत. ठोकरून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात; तो अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा.

दावा कुठे करायचा? अपघात वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यात झाला तरी धामणगावचं कुटुंब राहत्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करू शकतं. केव्हा करायचा? १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असं सांगितलं आहे. तरी अंतिम निकाल येईपर्यंत सहा महिने हीच लक्ष्मणरेषा मानलेली बरी. तेरवी, पेरणी आणि वेचणी यांत सहा महिने कसे जातात ते शेतकऱ्याच्या घराला सांगायला नको.

सातबारा नसलेल्यांचं काय?

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी हा विमा होता आणि कंपन्यांच्या त्रुटींत अर्ज अडकून पडत. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर सरकार स्वतः अनुदान देतं. दहा ते पंचाहत्तर वर्षांचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती यांना ती लागू आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. रस्त्यावरच्या अपघातापासून वीज पडणं, सर्पदंश, विजेचा धक्का, विषबाधा इथपर्यंत सगळं यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत. हे अनुदान घेतलं म्हणून न्यायाधिकरणातला दावा बुडत नाही, हे गावागावात सांगायला हवं.

योजना चांगली आहे. पण तिचं दार सातबाऱ्याच्या चौकटीतून उघडतं. वेचणीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या घरात सातबाराच नाही. एकाच ट्रॉलीत, एकाच खड्ड्यात, एकाच क्षणी दोघी जातात. एकीच्या नवऱ्याच्या नावावर दोन एकर असतात, दुसरीच्या नाही. ज्या घरात जमीन नाही त्या घराची मिळकत म्हणजे त्या बाईचे दोन हात, आणि नेमक्या त्याच घराला योजना दार उघडत नाही. शेतीवर राबताना मेलेल्या प्रत्येकाला हे अनुदान मिळायला हवं, मग त्याच्या नावावर धुऱ्याएवढीही जमीन नसो. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णयातली पात्रतेची ओळ बदलावी लागते.

पहिल्या दिवसाचे कागद

न्यायालयात हरलेले दावे बहुधा पहिल्याच दिवशी हरलेले असतात. ट्रॉली रातोरात उभी करून दुसरीकडे नेली जाते, चालक म्हणून परवाना असलेल्या दुसऱ्याच माणसाचं नाव लिहिलं जातं, पंचनाम्यात ‘पाय घसरून पडली’ अशी नोंद होते. अशी एक ओळ वीस लाखांचा दावा खाते.

म्हणून जखमीला हलवल्याबरोबर जागेचे आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या नंबरांचे फोटो काढावेत. दवाखान्यात अपघात ट्रॅक्टरचा असल्याची नोंद करायला लावावी आणि पोलिसात फिर्याद द्यावी. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, ९० दिवसांत सविस्तर अहवाल. आणि हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला की नाही, हे विचारायचा हक्क कुटुंबाला आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसावर खटल्याचा ससेमिरा लागत नाही. पोलिसांच्या भीतीनं कुणी मागे राहू नये.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचणही कायद्यानं पाहिली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार सर्व स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

हंगामाच्या आधी

मालकांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. दोन-चार एकरांवर कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला माणूस हप्ते फेडायला तो भाड्यानं फिरवतो. बायांना वावरात न्यायला दुसरं वाहन नसतं, आणि चालत जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून उपाय सगळ्यांना परवडतील असे लागतात.

ग्रामपंचायतींनी वेचणीच्या आधी एक दिवस गावातल्या ट्रॅक्टरांचे कागद पाहावेत: विमा, परवाना, ट्रॉलीचा विमा, मागच्या परावर्तक पट्ट्या. शाळकरी पोरांच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्या बापाला सांगावं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. सरकारी योजनांतून पांदण रस्ते होत आहेत. त्या रस्त्यालगतच्या बिनकठड्याच्या विहिरींना कठडा बांधण्याचं काम त्याच आराखड्यात घ्यावं. मजुरांची ने-आण करायला प्रवासी परवान्याची गाडी बचत गटांनी किंवा शेतकरी कंपन्यांनी हंगामापुरती ठरवावी आणि तिचं भाडं मजुरीच्या बोलीतच धरावं. ट्रॅक्टरच्या अनुदानासोबत सरकारनं संरक्षक चौकटीची आणि दांड्याच्या आवरणाची अट घालावी. अनुदान देणाऱ्याला अट घालायचा अधिकार असतोच. विमा नियामकानं शेतमजुरांसह ट्रॉली असा एकच, स्वस्त विमा बंधनकारक करावा, म्हणजे ब्रिजमोहनसारख्या मजुराला विशेषाधिकाराची वाट पाहावी लागणार नाही.

यातलं बरंच होईपर्यंत आणखी हंगाम जातील. तोवर निदान एवढं प्रत्येक घरात माहीत असावं: अपघातानंतर मिळणारी भरपाई ही मालकाची मेहेरबानी नाही आणि पुढाऱ्याची मदतही नाही. ती त्या माणसाच्या कष्टाची, कायद्यानं मान्य केलेली किंमत आहे, आणि ती मागणं म्हणजे गावाशी वैर धरणं नव्हे. मध्यस्थ दारात येतील तेव्हा त्यांना पाणी द्यावं, त्यांचं ऐकून घ्यावं आणि सांगावं की सही वकिलाला विचारून करू.